फळीवर आधी कोण

१० जानेवारी

धाकटे,

सुखरूप पोचले. फोन करू नकोस म्हणून बजावून आले होते, तरी तू काल केलासच. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने बनवते, मग आपली भांडणं होतात. पत्र लिही. पत्र मला चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि तू रडत लिहिलंयस की हसत हेही कळतं.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मला खिडकीपाशी खुर्ची दिलीय. खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले लोकांचे कपडे दिसतात, बाकी काही नाही. एकसुद्धा जनावर नाही. काल लिफ्टमध्ये एक बाई कुत्रं घेऊन आली तर मी त्याच्याशी इतकी बोलले की लेकीला लाज वाटली. गुडघ्याचं ऑपरेशन महिनाअखेरीस आहे. त्याची मला भीती नाही. मला काळजी गोठ्याची आहे.

निघताना घाईत सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तू मान हलवत होतीस पण तुझं लक्ष माझ्या पिशव्यांकडे होतं. सकाळी दार उघडलंस की बाजूला हो. मास्तरीण, आपली म्हातारी शेळी, आधी बाहेर येईल, धार काढायच्या फळीवर चढेल, चौकटीत मान घालेल. तिला आटून बरीच वर्षं झाली, कासेत थेंब नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला वाटतं तिलाही माहीत आहे. तरी तू तिच्या खाली बसायचं, कास कोमट फडक्याने पुसायची आणि रिकाम्या भांड्यात धार काढल्यासारखं करायचं. ती समाधानाने उतरली की मगच बाकीच्या एकेक करून चढतात. हा क्रम चुकवू नकोस. एकदा मला उशीर झाला म्हणून मी तिला डावलून तांबडीला आधी घेतलं, तर सगळ्या कळपाने पान्हा चोरला. त्या दिवशी बेकरीवाल्याला चीजऐवजी मी तोंड दाखवलं.

आणखी एक, तुला कडू वाटलं तरी लिहिते. कळप मी सोडून आलेय तो मास्तरणीच्या जिवावर. तू अजून शेळीच्या शिंगांना भिऊन भिंतीच्या कडेने चालतेस. मास्तरीण आहे तोवर सगळं आपोआप चालेल. तिला काही झालं तर हिंमत दाखवत बसू नकोस. व्यापाऱ्याला बोलाव आणि सगळ्या एकत्र देऊन टाक. जनावरांचे हाल नकोत, तुझेही नकोत.

भावोजींना म्हणावं, वेल्डिंग करताना काळा चष्मा कपाळावर नाही, डोळ्यांवर घालतात.

तुझी जाऊ


१९ जानेवारी

जाऊबाई,

तुमचं पत्र भरड्याच्या डब्यावर ठेवून वाचलं, तेवढ्यात काळीने एक कोपरा खाल्ला. तुम्ही तारीख लिहिता तोच कोपरा होता, म्हणून उत्तराला उशीर झाला असं समजा.

मी शिंगांना भिते हे खरं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही मला पहिल्याच दिवशी गोठ्यात नेलंत, आणि मी शेळीऐवजी तुमच्या मागे लपले. पण आता भिंतीची कड सोडली आहे. सोडावीच लागली, कारण भिंतीकडे पांढरी उभी राहते आणि ती माझा पदर चघळते.

मास्तरणीचं काय सांगू! मी इतकी वर्षं तिला लांबूनच बघत होते. जवळून बघितल्यावर तुमचं वेड मला कळलं. पहिल्या दिवशी मी रिकाम्या भांड्यात धार काढायचं नाटक भराभर उरकलं. ती उतरलीच नाही. मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत गृहपाठ न करता आलेय. मग मी नीट बसले, फडकं पुन्हा कोमट पाण्यात बुडवलं, सावकाश सगळं केलं. तेव्हा बाईसाहेब उतरल्या. जाऊबाई, खोटं नाही सांगत, तिने मला धार काढायला शिकवलं. रिकाम्या कासेवर माझा हात बसला, आणि मग बाकीच्यांच्या भरल्या कासेवर तो आपोआप बरोबर पडायला लागला. दोन तरण्या शेळ्या माझ्या हातात झटकन पान्हा सोडतात आता. हे घरात सांगायला माझी मान इतकी ताठ झाली होती की ह्यांनी विचारलं, मानेत लचक भरलीय का.

मास्तरीण हल्ली पाला खाते आणि भरडा ठेवते. गुरांच्या डॉक्टरीणबाई इकडून चालल्या होत्या म्हणून सहज बघून गेल्या. काही विशेष नाही. तुम्ही ऑपरेशनला निर्धास्त जा.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

ऑपरेशन झालं. आडवं पडून लिहितेय, अक्षर बघून हसू नकोस. डॉक्टर म्हणतात सगळं छान झालं, थोड्याच दिवसांत धावायला लागाल. धावून जायचंय कुठे, जिन्यापर्यंत.

मास्तरीण भरडा ठेवते म्हणतेस, ते मी ओळखलं. माझ्यावर रुसलीय. मी एकदा लेकीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हाही तिने असंच केलं होतं. तिच्याजवळ जाऊन माझी निळी शाल अंगावर घेऊन बस, भरडा खाईल. लाडाची आहे, पण लाड करून घेतेय असं दाखवत नाही. या बाबतीत मला ती फार आवडते.

इथे पडल्या पडल्या तिचाच विचार करत असते. तिची आई तिला जन्म देऊन उठलीच नव्हती. चिकाचं दूध दुसऱ्या शेळीचं काढून मी बोटाने चाटवलं. स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या टोपलीत वाढली ती. तुझे मोठे दीर तेव्हा म्हणाले होते, हे करडू काही जगत नाही, जीव लावू नकोस. मी म्हटलं, जीव काय नळ आहे, बंद करायला? जगली, आणि कशी जगली! भर पावसात कळप वाट चुकून ओढ्याकाठी अडकला तेव्हा हिने सगळ्यांना वळवून घरी आणलं. स्वतःची करडं नसतानाही पोरक्या करडांना अंगाला लागू दिलं. माणसांतसुद्धा इतकी समज मी कमी बघितली आहे. तिला मास्तरीण नाव तुझ्या मोठ्या दिरांनीच दिलं, आणि मग तिच्यापुढे तेही आवाज खाली करून बोलायचे.

ती कशी आहे ते सविस्तर कळव. उडवाउडवी करून तुझं नेहमीचं ‘काही विशेष नाही’ लिहू नकोस.

तुझी जाऊ


२१ फेब्रुवारी

जाऊबाई,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. पाठोपाठ तिघी व्यायल्या. सहा करडं झाली, सहाही धडधाकट. एक इतकं खोडकर आहे की बादलीत उतरून बसतं आणि बाहेर काढलं की पुन्हा जातं. ह्यांना त्याचा लळा लागलाय. दुकान अर्धा तास उशिरा उघडतात आणि कारण विचारलं की वीज गेली होती म्हणतात.

दूध वाढलं आहे. चीज या खेपेला जमून आलं. मीठ तुम्ही सांगितलंत त्याच्यापेक्षा किंचित कमी टाकलं आणि फडक्यात एक रात्र जास्त टांगलं. रागावू नका. बेकरीवाल्याने चाखलं आणि विचारलं, ‘मोठ्या बाई परत आल्या का?’ मी म्हटलं, नाही. तर म्हणे, मग हे कुणी केलं? मला त्याला तिथेच दोन घास जास्त द्यावेसे वाटले.

कामाची घडी छान बसली आहे. दार उघडलं की लंगडी टणकन फळीवर, तिच्या मागे दोघी तांबड्या, मग बाकीच्या. उन्हं अंगणात यायच्या आत धारा संपतात आणि मला चहा गरम असताना प्यायला मिळतो. इतकं सुख या गोठ्यात असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मास्तरीणबाई मजेत आहेत. उन्हात बसतात. भरडाही खातात. तुमची शाल लागू पडली.

तुमचा पाय कसा आहे? तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं की तुम्ही व्यायाम चुकवता. मी इथे ऐकून घेते, पण तिथे असते तर कान धरला असता. नात्याने धाकटी आहे म्हणून सुटलात.

धाकटी


२८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ समोरच्या इमारतीतले कपडे बघत बसले.

लंगडी आधी चढते, म्हणतेस.

मास्तरीण जिवंत असती तर लंगडीची काय बिशाद! ती मागे एकदा आजारी होती तेव्हासुद्धा, पाय लटपटत होते तरी, लंगडी फळीपासून हातभर लांब थांबून राहिली होती. हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे मास्तरीण गेली. तू शालीचं लिहिलंस तेही खोटं, कारण ती शाल मी इथे घेऊन आलेय. निघताना मीच ट्रंकेतून काढून पिशवीत टाकली होती आणि तुला भलतंच लिहून बसले. आत्ता माझ्या पायावर आहे ती.

लेकीला विचारलं. तिने आधी आढेवेढे घेतले, मग कबूल केलं की तिनेच तुला सांगितलं होतं, जखम भरेपर्यंत कळवू नकोस. दोघींनी मिळून मला आंधळ्या कोशिंबिरीत उभं केलंत. रागावले नाही मी. रडले मात्र खूप. शेजारच्या बाईला वाटलं ऑपरेशन बिघडलं.

आता मला लिही. कशी गेली ते सगळं लिही, एकही गोष्ट गाळू नकोस. मी टोपलीत वाढवलंय तिला, मला ऐकायचा हक्क आहे. आणि आणखी एक सांग. ती गेल्यावर कळप चालला कसा? मी तुला म्हटलं होतं, व्यापाऱ्याला बोलाव. तू बोलावलं नाहीस. का नाही बोलावलंस? खरं सांग, मग पुढचं काय ते ठरवू.

जाऊ


५ मार्च

जाऊबाई,

सांगते.

तुमचं दुसरं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. त्याआधी आठवडाभर तिने जवळजवळ काही खाल्लं नव्हतं. डॉक्टरीणबाई सहज आल्या नव्हत्या, मी बोलावल्या होत्या. त्या म्हणाल्या, वय झालंय, हृदय थकलंय, दुखत नाहीये तिला, फक्त जवळ राहा. मी गोठ्यात अंथरूण टाकलं.

त्या सकाळी मी दार उघडलं आणि वाटलं आज ती उठणार नाही. उठली. चालत फळीपर्यंत गेली, पुढचे दोन पाय वर ठेवले आणि थांबली. मागचे उचलेनात. बाकीच्या सगळ्या मागे रांगेत उभ्या, एकीने पाय हलवला नाही. मी खाली वाकले, तिला मागून उचललं. किती हलकी झाली होती, जाऊबाई! नुसती कातडी आणि हाडं. तिने चौकटीत मान घातली. मी फडकं कोमट केलं, कास पुसली, रिकामं भांडं खाली धरलं आणि सावकाश धार काढली. कधी नव्हे इतकी सावकाश. मला ते संपवायचंच नव्हतं. पण तिला ठाऊक होतं कधी संपतं ते. तिने मान बाहेर काढली, मी तिला उतरवलं, ती भिंतीकडेला उन्हात जाऊन बसली. मी पहिलीची धार काढत होते आणि मधेमधे मागे वळून बघत होते. शेवटचीची धार काढून वळले तेव्हा तिची मान खाली गेली होती. मी धावत जाऊन डोकं मांडीवर घेतलं. एक श्वास राहिला होता, तो माझ्या मांडीवर सोडला. तिने सगळ्यांच्या धारा होऊ दिल्या, जाऊबाई. एवढंच मला परत परत आठवतं. ह्यांनी मागच्या बांधाला खड्डा खणला आणि कधी नव्हे ते काळा चष्मा डोळ्यांवर लावून घरात आले.

दुसऱ्या दिवशी एकही फळीवर चढेना. सगळ्या दारात उभ्या राहून मागे बघत होत्या. मी भरडा दाखवला, कान धरून ओढलं, तांबडीला उचलून ठेवलं तर तिने उडी मारली आणि मला सोबत घेऊन पडली. संध्याकाळी तेच. कासा ठणकायला लागल्या होत्या, शेळ्या ओरडत होत्या, मीही ओरडत होते. हे म्हणाले, वहिनी सांगून गेल्यात ते कर, फोन लावू का व्यापाऱ्याला? मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबा.

आता जे लिहिते ते कुणाला वाचून दाखवू नका. सकाळी मी दार उघडलं, बाजूला झाले नाही, सरळ फळीकडे गेले. साडी खोचली, गुडघे टेकून फळीवर चढले, चौकटीत मान घातली आणि भरड्याच्या घमेल्यात तोंड खुपसलं. दुसरं काय करावं सुचलंच नाही. त्यांना कुणीतरी आधी जायला हवं होतं आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. भरडा मी चावलासुद्धा, खोटं खोटं करायचं तर मास्तरणीने चालवून घेतलं नसतं. मग मागून खूर वाजले. लंगडी तुम्हाला माहीत आहे, हावरट. मी तिच्या वाटणीचं खातेय हे तिला बघवेना. तिने मला अशी ढुशी दिली की मी फळीवरून खाली, आणि ती चौकटीत. मी आडवी पडल्या पडल्याच तिच्या कासेला हात घातला. दूध आलं, जाऊबाई! तेवढ्यात दारातून कुणी खोकलं. बेकरीवाला. केव्हापासून उभा होता देव जाणे. म्हणाला, ‘चीज नसेल तर उद्या येतो.’

व्यापाऱ्याला का बोलावलं नाही, ते विचारलंत. तुमची जखम भरू दे म्हणून लपवलं हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तुम्ही विका म्हणाल याची मला भीती होती. या घरात मी भात करपवणारी म्हणून ओळखली जाते. गोठ्यात मी कुणीतरी आहे. सकाळी तेवढी सगळी तोंडं माझ्याकडे वळतात तेव्हा मला फार बरं वाटतं. मला हा कळप हवा आहे. मास्तरणीसारखी मी होणार नाही, तुमच्यासारखी तर नाहीच, पण मला तो हवा आहे. विकू नका. पाया पडते.

धाकटी


१२ मार्च

धाकटे,

कुणाला वाचून दाखवू नको म्हणालीस, म्हणून मी फक्त लेकीला, जावयाला, शेजारच्या बाईला आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला वाचून दाखवलं. घमेल्यापाशी आल्यावर मी इतकी हसले की ती मुलगी म्हणाली, पोटाचाही व्यायाम झाला. आणि त्याच्या आधीचं पान मी एकटीने वाचलं. रोज वाचते. तुझ्या मांडीवर गेली, याचं मला मोठं समाधान आहे. मी असते तरी याहून वेगळं काही केलं नसतं, आणि मी तर बहुतेक मधेच धारा सोडून तिच्यापाशी बसले असते. ते तिला आवडलं नसतं.

तुला एक सांगायचं राहिलंय. धावायला लागाल असं डॉक्टर म्हणाले, हे मी लिहिलं होतं ना? ते तसं काही म्हणाले नाहीत. चालाल म्हणाले, पण उकिडवं बसायचं नाही, आता कधीच नाही. म्हणजे फळीशी बसून धार काढणं माझं संपलं. हे मी लेकीलाही नीट सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

मी गोठा उभा केला तेव्हा माझ्यापाशी मास्तरीण होती. तुझ्यापाशी कुणी नव्हतं, आणि तरी तू त्या सगळ्यांना फळीवर चढवलंस. स्वतः भरडा खाऊन! धाकटे, मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी करवलं नसतं, माझा तोरा आड आला असता. एवढं कौतुक मी आजवर कुणाचं केलेलं नाही, तेव्हा पुन्हा मागू नकोस.

कळप तुझा. मीठही तुझ्या हाताचं राहू दे. व्यापारी दारात आला तर त्याच्या अंगावर लंगडी सोड.

फक्त मला एवढं कळव की धार काढता न येणाऱ्या म्हातारीने तिथे येऊन करायचं काय? काहीच नसेल तर इथे खिडकीत बसून माझं चाललंय, तेही चालेल. संकोच करू नकोस.

तुझी जाऊ


१६ मार्च

जाऊबाई,

तुमचं पत्र मी ह्यांना दाखवलं. ते उठले आणि फळी उचलून दुकानात घेऊन गेले. संध्याकाळी परत आणली तर तिच्या चारी पायांना खाली लोखंडी नळ्या जोडल्या होत्या आणि शेळ्यांना चढायला एक उतरती पट्टी लावली होती. आता शेळीची कास खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताशी येते. मी स्वयंपाकघरातली खुर्ची नेऊन बसून बघितलं, गुडघा अजिबात वाकवावा लागत नाही. पांढरीची अख्खी धार मी तशी काढली. उंची थोडी कमीजास्त वाटली तर हे म्हणतात, वहिनी आल्यावर मापाने करू.

काळी आणि दोघी तांबड्या तुमच्याकडे. त्यांना सावकाश हात लागतो, मला तेवढा धीर नाही. भांडी मी विसळीन. गोठ्यात मात्र हुकूम माझा चालेल, हे आधीच सांगून ठेवते, नंतर कटकट नको.

खिडकीत फार बसलात. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की निघा. खुर्ची मी फळीपाशी ठेवली आहे, तिथून हलवणार नाही.

धाकटी